पन्नास चिंचोके

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या रुग्णालयाच्या रक्तपेढीबाहेर बाकांवर अकरा माणसं बसली होती. त्यांतली नऊ रक्त द्यायला आली होती, एक सोबतीला, आणि एक माझे वडील. वडिलांच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता. त्यात चिरमुऱ्याचे चोवीस लाडू होते: प्रत्येक देणाऱ्याला दोन आणि उरलेले सहा सिस्टरांना. वॉर्डात खाट क्रमांक सातवर माझी आत्ती होती, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये एकतीस हजार प्लेटलेट होत्या. असायला हव्यात दीड लाखाच्या वर.

माझे वडील, राजशेखर कोरी, हिरण्यकेशीच्या काठी आमच्या तालुक्याच्या गावात चिरमुऱ्याची भट्टी चालवतात. मी त्यांना अप्पा म्हणते, गाव अण्णा म्हणतं. पण तालुक्यात त्यांना ओळखतात ते यादीसाठी. बारा वर्षांपूर्वी गल्लीत डेंग्यूची साथ आली, शेजारची बाळंतीण प्लेटलेट वेळेवर न मिळाल्याने गेली, आणि त्याच आठवड्यात अप्पांनी भट्टीच्या भिंतीवर एक फळा रंगवून घेतला. त्यावर आज दोनशे बारा नावं आहेत, प्रत्येकापुढे रक्तगट आणि फोन. नियम दोनच. हाक आली की तासाभरात यायचं. जाताना लाडू न्यायचा, नको म्हणायचं नाही. बारा वर्षांत एकही हाक रिकामी गेलेली नाही. त्यातून आमच्या गावाला एक सवय लागली आहे: कुणाला ताप आला की लोक आधी प्लेटलेट किती ते विचारतात आणि मग माणूस कसा आहे ते.

बुधवारची हाक त्यांच्या स्वतःच्या बहिणीसाठी होती.

सुवर्णाआत्ती सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि अंगणवाडी चालवते. मला मोजायला तिनेच शिकवलं. तिच्याकडे पन्नास चिंचोक्यांची एक पिशवी होती. ते ती परातीत पसरायची, काही तळव्याखाली झाकायची आणि विचारायची, किती राहिले? मी अंदाजाने बोलले की ती ओळखायची आणि सगळे परत मोजायला लावायची.

दहा दिवसांपूर्वी तिच्या अंगणवाडीत डोळ्यांची साथ होती. सव्वीसपैकी एकोणीस पोरांचे डोळे आले, मग तिचेही आले, आणि चार दिवसांत बरे झाले. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. सोमवारी तिचं डोकं दुखायला लागलं. मंगळवारी ताप आणि उलटी. बुधवारी पहाटेच्या मोजणीत प्लेटलेट कमी निघाल्या, म्हणून आठ वाजता मी तिचं आणखी रक्त काढलं आणि नळीवर माझ्या हाताने लिहिलं: डेंग्यू संशयित.

हे मी मुद्दाम सांगते आहे.

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे एकोणीस दिवसांपूर्वी एक नवं यंत्र आलं होतं. त्याचं नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला वाचक म्हणतो, अप्पा ज्योतिषी म्हणतात. त्याचं काम असं. शरीरात जंतू शिरला की रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. प्रत्येक प्रतिपिंड एका ठरावीक आकाराला चिकटतं, दुसऱ्या कशाला सहसा नाही. वाचकात नखाएवढी काच असते आणि तिच्यावर चाळीस हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर एक वेगळं प्रथिन, निम्मी जंतूंची आणि निम्मी माणसाची स्वतःची. रक्ताचा थेंब काचेवरून वाहतो, प्रतिपिंडं आपापला आकार ओळखून चिकटतात, आणि तो ठिपका उजळतो. किती उजळला याचा आकडा शून्य ते शंभर असा मिळतो. निरोगी माणसात काचेचा स्वतःच्या प्रथिनांचा अर्धा भाग जवळजवळ काळोखा असतो. शरीर स्वतःवर हत्यार उचलत नाही, म्हणून.

पूर्ण काच वाचायला सत्तर मिनिटं लागतात. पण नळीवर डेंग्यू संशयित असं लिहिलेलं असलं की यंत्र आधी नेहमीच्या तापांचे दोनशे ठिपकेच वाचतं. त्यालाही पन्नास मिनिटं लागतात, कारण वेळ वाचण्यात जात नाही, काच धुण्यात जातो.

आठ पंचावन्नला ते दोनशे ठिपके वाचून झाले. सगळे काळोखे होते.

डॉ. रेहाना मुजावर वॉर्डात होत्या. त्यांना मी कागद दाखवला.

"पहिल्या दिवसांत टेस्ट चुकू शकते," त्या म्हणाल्या.

"तिसरा दिवस आहे मॅडम. आणि डेंग्यूच्या दोन्ही खुणा शून्य आहेत, प्रतिपिंडंही आणि वेगळ्या चाचणीत विषाणूचं प्रथिनही."

"मग हिच्या प्लेटलेट गेल्या कुठे?"

"पूर्ण काच चालवते. सत्तर मिनिटं."

"चालव. तोवर प्लेटलेटची पिशवी तयार होऊ दे. लावायची की नाही ते मग बघू."

यंत्र सुरू करून मी बाहेर आले तेव्हा इराप्पा दंडावर पट्टा बांधायला आत निघाला होता. हा टेम्पो चालवतो आणि यादीत त्याचं नाव तिसरं आहे.

"काय म्हणतोय ज्योतिषी?" अप्पांनी विचारलं.

"डेंग्यू नाही म्हणतोय."

"मग काय, साडेसाती?" इराप्पा म्हणाला आणि बाकावरचे सगळे हसले.

"अप्पा, जरा थांबूया. कशामुळे कमी झाल्यात ते कळू दे."

"कळंल की. घर पेटलंय तर आधी पाणी मारायचं, का काडी कुणी वढली ते हुडकत बसायचं?"

"बादलीत पाणीच आहे ना, ते तरी बघायचं."

बाकावर कुणी हसलं नाही. अप्पांनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"ही माणसं बारा वर्सं येत्यात, ऋती. तुझं यंत्र येऊन किती दिवस झालं?"

"एकोणीस."

"एकोणीस," ते म्हणाले, आणि इराप्पाला मानेनेच आत जा म्हणून सांगितलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी पूर्ण काच वाचून झाली. चाळीस हजारांपैकी दोन ठिपके सगळ्यांहून जास्त उजळले होते. एक, अॅडिनोव्हायरसच्या एका प्रथिनाचा: ९१. डोळे येण्याला बरेचदा हाच विषाणू कारण असतो. दुसरा ठिपका काचेच्या त्या अर्ध्या भागात होता जो काळोखा असायला हवा. पीएफ-४ नावाचं माणसाचं प्रथिन: ८८.

पीएफ-४ प्लेटलेटच्या पोटातल्या बारीक पिशव्यांमध्ये असतं. कुठे जखम झाली की प्लेटलेट ते बाहेर टाकतात. त्याच्यावर प्रतिपिंड बसलं तर दोघांचा मिळून एक गुंता होतो, तो प्लेटलेटना चिकटतो आणि त्यांना खोटा इशारा देतो की जखम झाली आहे, गोळा व्हा. जखम नसतेच. प्लेटलेट तरीही गोळा होतात, आणखी पीएफ-४ टाकतात, आणखी गुंते होतात. रक्तवाहिनीत गाठ धरते. बाहेरून सुईने काढलेल्या रक्तात मात्र प्लेटलेट कमी दिसतात, कारण राहिलेल्या प्लेटलेट गाठीत अडकलेल्या असतात.

दोन ठिपके उजळले म्हणजे दोन वेगळी प्रतिपिंडं असू शकतात, योगायोगाने. म्हणून काचेवर एक दुसरी वाट ठेवलेली असते. तिथे रक्तात आधी विषाणूचं ते प्रथिन भरपूर मिसळतात, म्हणजे त्याला ओळखणारी प्रतिपिंडं त्यातच गुंतून पडतात, आणि मग ते काचेवर सोडतात. प्रतिपिंडं वेगळी असतील तर पीएफ-४चा ठिपका तसाच उजळ राहील.

दुसऱ्या वाटेवर तो ८८चा १२ झाला होता.

आत्तीच्या शरीराने डोळ्यांच्या विषाणूसाठी केलेलं प्रतिपिंड तिच्याच पीएफ-४ला विषाणू समजत होतं. असं लाखांत एखाद्याला होतं. मी कागद घेऊन धावले. धावायला नको होतं, जिन्यावर एक चप्पल निसटली.

डॉ. मुजावरांनी आकडे दोनदा वाचले आणि डोक्याचा स्कॅन मागवला. दहा पन्नासला तो पडद्यावर आला. मेंदूच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गाठ होती.

"नेहमीचं हेपॅरिन नाही द्यायचं, ते याच पीएफ-४ला चिकटतं. रक्त पातळ करायला दुसरं औषध देऊ," त्या म्हणाल्या. "इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं. आणि पिशवी लावायची नाही. पण हे आधी घरच्यांना सांगायला हवं. तुझ्या वडिलांना."

"आणि आत्तीला."

"जागी आहे ना ती? मग पहिल्यांदा तिलाच."

खाट क्रमांक सातच्या स्टँडवर इराप्पाची पिशवी लटकवलेली होती, पेंढ्याच्या रंगाची, नळी चिमट्याने बंद. अप्पा उशाशी उभे होते. आत्ती डोळे मिटून पडली होती. उजेड सहन होत नव्हता तिला. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. नुकतीच दुसरी मोजणी आली होती, तीही सांगितली: चोवीस हजार.

"मी डॉक्टर न्हाई," अप्पा म्हणाले. "पर बारा वर्सं हेच बघतोय. इसाच्या खाली गेलं की नाकातनं रक्त सुटतंय. आन् तुम्ही म्हणताय चोवीसला रक्त पातळ करायचं अवशीद द्यायचं, वर प्लेटलेट बी द्यायच्या न्हाईत?"

"तुमची भीती खरी आहे अण्णा," डॉ. मुजावर म्हणाल्या. "रक्तस्राव होऊ शकतो. पण गाठ वाढतेय, आणि ती या प्लेटलेटनीच वाढतेय."

"गाठ हाय हे मान्य. मला बी दिसली. पर ती कशानं हाय हे त्या एका यंत्रानं सांगितलंय."

ते चूक बोलत नव्हते. मग त्यांच्या हातातल्या डब्याकडे लक्ष गेलं.

"अप्पा, परातीत चिरमुरे किती उरलेत त्यावरून भट्टीतनं किती निघाले ते सांगता येईल?"

"कसं येईल? लाडवात किती गेलं ते धराय पायजे की."

"आत्तीच्या प्लेटलेट लाडवात गेल्यात. आपण फक्त परात मोजतोय."

त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला.

"पाक कोण वततंय?"

"तिचंच प्रतिपिंड. डोळे आले तेव्हा झालेलं. ते रक्तात आहे तोवर पाक गरमच आहे."

अप्पांनी स्टँडवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"गरम पाकात चिरमुरं टाकलं की लाडूच व्हणार," ते म्हणाले. हे मला उद्देशून नव्हतं. "आधी पाक निवाय पायजे."

"राजा," आत्ती डोळे न उघडता म्हणाली, "तिला बोलू दे." मग जरा थांबून, "ऋती, अंदाजानं सांगतीयास का मोजून?"

"मोजून. अठ्ठ्याऐंशीचे बारा झाले."

"कितीदा मोजलंस?"

"एकदा."

"दुसऱ्यांदा मोजायला किती वेळ?"

"सत्तर मिनिटं."

"तेवढा हाय का डॉक्टर?"

"नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या.

"मग एकदा मोजलंय तेच धरू. कागद आणा. सही कुठं करायची तिथं माझं बोट ठेवा, मला नीट दिसत न्हाई."

अकरा वाजून चार मिनिटांनी तिने सही केली.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे हजारो निरोगी माणसांच्या रक्तद्रवातून गोळा केलेली साधी, निरुपद्रवी प्रतिपिंडं. प्लेटलेटवर ज्या खाचांमध्ये तो गुंता जाऊन अडकतो, त्या खाचा या परक्या प्रतिपिंडांनी आधीच भरून टाकायच्या. जागाच नाही तर इशारा कुठून पोहोचणार? आत्तीचं वजन अठ्ठावन्न किलो, म्हणजे त्या दिवसासाठी दहा ग्रॅमच्या सहा बाटल्या. आमच्याकडे दोन होत्या. त्या लगेच सुरू केल्या. उरलेल्या चार कोल्हापुरातून ड्रोनने आल्या, अकरा पंचावन्नला. त्याच ड्रोनने इराप्पाची पिशवी कोल्हापूरला गेली. प्लेटलेट पाच दिवस टिकतात आणि तिथे एका रुग्णाला त्या खरोखरच हव्या होत्या.

अप्पांनी बाहेर येऊन आपल्या माणसांना घरी जायला सांगितलं आणि डबा उघडला.

"अण्णा, रक्त दिलंच न्हाई तर लाडू कशाचा?" एकाने विचारलं.

"आलास त्येचा," अप्पा म्हणाले.

इराप्पाने इम्युनोग्लोब्युलिनची रिकामी बाटली हातात घेऊन तिच्यावरचं लेबल वाचलं. "किमान एक हजार दात्यांच्या रक्तद्रवापासून. म्हंजे आपल्यासारखीच हजार माणसं की अण्णा, पर नाव न्हाई, पत्ता न्हाई."

"त्यास्नी लाडू कुणी दिला असंल?" अप्पा म्हणाले. ते हसत नव्हते, खरंच विचारत होते.

संध्याकाळी पाच वाजता तिसरी मोजणी आली. एकोणीस हजार. मी कागद घेऊन गेले तेव्हा अप्पा रिकामा डबा मांडीवर घेऊन त्याच बाकावर बसले होते. त्यांनी आकडा वाचला. वीसच्या खाली गेला होता. मला वाटलं आता ते प्लेटलेट द्या म्हणतील.

"नाकातनं रक्त न्हाई ना?"

"नाही. मी आत्ताच बघून आले."

"फुडली मोजणी कधी?"

"सकाळी सातला."

"बरं," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

गुरुवारी सकाळी बावीस हजार. दुपारी अडतीस. शुक्रवारी एकाहत्तर. प्रत्येक कागद त्यांनी खिशात ठेवला.

शुक्रवारी दुपारी आत्तीने चहासाठी हात पुढे केला आणि डावीकडची फुलपात्रांची उतरंड खाली पाडली. तिला ती दिसलीच नव्हती. डॉ. मुजावरांनी तिची नजर तपासली. गाठीमुळे मेंदूचा जो भाग सुजला होता तो बघण्याचा भाग होता, आणि तिच्या नजरेचा डावीकडचा वरचा कोपरा गेला होता. काही परत येईल, त्या म्हणाल्या. किती ते आत्ता सांगता येत नाही.

"माझी पिशवी आण राजा," आत्ती म्हणाली.

अप्पांनी घरून चिंचोके आणले, भट्टीवरची छोटी परातही आणली. पन्नास मोजून पसरले. आत्तीने बोट न लावता, पोरांना दाखवते त्या वेगाने मोजले. अडतीस. मग मी तिला मोजलेले बाजूला काढायला लावले आणि राहिलेले बारा पाहिले. सगळे डावीकडे वरच्या बाजूला होते.

अप्पा चहा आणायला गेले तेव्हा मी तिला नळीवरच्या शब्दांचं सांगितलं. ते दोन शब्द लिहिले नसते तर पूर्ण काच आठ वाजता लागली असती आणि औषध पन्नास मिनिटं आधी सुरू झालं असतं. त्या पन्नास मिनिटांत किती चिंचोके गेले, हे मोजता येत नाही, असंही सांगितलं.

"मला बघून डेंग्यू वाटला व्हता?"

"नाही. प्लेटलेट बघून वाटला."

तिने परातीतले चिंचोके एकेक करून पिशवीत टाकायला घेतले.

"फुडच्या येळंला नळीवर काय लिहिशील?"

"जे दिसलं ते. ताप, डोकेदुखी, उलटी. दहा दिवसांपूर्वी डोळे आले होते."

"एवढंच लिहायचं. बाकीचं यंत्राला सांगू दे. म्हणून तर आणलंय न्हवं ते?"

आमच्या प्रयोगशाळेत आता नळीवर रोगाचं नाव कुणी लिहीत नाही. अप्पांच्या फळ्यावर दोनशे बारा नावं तशीच आहेत, पण फोन आला की ते लगेच हाक देत नाहीत. आधी विचारतात: कशानं कमी झाल्यात ते बघितलंय का? मागल्या पंधरा दिवसांत डोळे आलं व्हतं का? काही लोकांना राग येतो. अण्णा आता डॉक्टर झाले, असं बाजारात एकाने मला ऐकवलं. गेल्या महिन्यात दोघांनी परस्पर दुसऱ्या गावातून दाते बोलावले. अप्पांना ते लागलं, पण त्यांनी प्रश्न बदलला नाही. त्याच महिन्यात त्या प्रश्नामुळे एक मुलगी पिशवी लागायच्या आधी माझ्याकडे आली. तिचा डेंग्यूच निघाला. यादीतली तीन माणसं चाळीस मिनिटांत हजर झाली.

सहा आठवड्यांनी आत्तीच्या शेवटच्या तपासणीचं रक्त मी काढलं. नळीवर तिचं नाव, तारीख आणि वेळ, एवढंच लिहिलं. प्लेटलेट दोन लाख चौदा हजार. पीएफ-४चा ठिपका सात.

मग आम्ही तिघं भट्टीवर गेलो. अप्पांनी परात फडक्याने पुसली, खिडकीसमोर ठेवली, चिंचोके दोनदा मोजले आणि पसरले. पन्नास. मधल्या आठवड्यांत ती एक्केचाळीसवर आली होती, मग चव्वेचाळीसवर. आत्ती पाटावर बसली, चष्मा वर सरकवला, आणि मोजायला सुरुवात केली. अप्पांनी भट्टीचा पंखा बंद केला.

तिने सत्तेचाळीस मोजले.